पिचिंग कोच व्हायचंय, पण पोट भरेल का?

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत कॉलेजच्या बेसबॉल संघात पिचर (चेंडू टाकणारा) आहे. पुढे कॉलेजमध्येच पिचिंग कोच व्हायचं म्हणतो. यात भवितव्य आहे का?

उत्तर : आहे, पण सुरुवातीची वर्षं ओढाताणीची. बरेच जण ग्रॅज्युएट असिस्टंट (पुढचं शिक्षण घेता घेता मदतनीस कोच) म्हणून लागतात: फीमध्ये सवलत, हातात किरकोळ रक्कम, आणि कामं व्हिडिओ कापण्यापासून मैदान झाकण्यापर्यंत. डिव्हिजन वनमधलं (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातलं) बिनपगारी ‘व्हॉलंटिअर’ पद मात्र जुलै २०२३ पासून गेलं, हे बरं झालं.

खरी कसोटी चेंडूंच्या हिशेबाची. शुक्रवारी शंभरेक चेंडू टाकलेल्या पिचरला मंगळवारी बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) २५-३० पुरतात. नवखे कोच सामन्यातले चेंडू मोजतात, वॉर्मअपचे विसरतात. मग रविवारी राखीव पिचरचा हात जड पडतो.

डोळाही तयार हवा. पुढचा पाय टेकण्याआधीच खांदा उघडला, म्हणजे छाती फलंदाजाकडे वळली, की हात मागे रेंगाळतो. उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू मग वर आणि त्याच्या उजवीकडे भरकटतो, कोपराच्या आतल्या बाजूला ताण येतो. ‘खांदा मिट’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ घ्या, पाय कधी टेकतो ते आधी पाहा.

वर जायला वाट आहे. अर्कान्सॉ विद्यापीठाचे पिचिंग कोच वेस जॉन्सन २०१८ मध्ये थेट मिनेसोटा ट्विन्स या व्यावसायिक संघात गेले. पण मुख्य कोच बदलला की बहुधा सगळ्यांचंच बिऱ्हाड हलतं. चिरंजीवांनी ट्रॅकमन, रॅप्सोडो या चेंडूचा वेग, फिरकी मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे वाचायला आत्ताच शिकावं.