रक्तदाब नीट असताना रक्तदाबाची गोळी कशासाठी?

प्रश्न : गेल्या वर्षी माझ्या वडिलांना (वय ६१) हृदयविकाराचा झटका आला आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. त्यांचा रक्तदाब पूर्वीपासून १३०/८०च्या आसपास असतो, तरी डॉक्टरांनी रामिप्रिल चालू ठेवले आहे. ‘रक्तवाहिन्यांच्या सुजेसाठीही ते बरे,’ एवढेच ते म्हणाले. धमनीला सूज येते म्हणजे काय? ही गोळी बंद केली तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गोळी परस्पर बंद करू नका, हे आधी सांगतो.

धमनीत चरबी साचते ती नळात गाळ बसावा तशी नव्हे. एलडीएल कोलेस्टेरॉल धमनीच्या अस्तराखाली शिरून तेथे बिघडते. ते साफ करण्यासाठी रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात, मॅक्रोफेज बनतात आणि ती चरबी गिळत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी बुडबुड्यांनी भरलेल्या दिसतात, म्हणून त्यांना फेसपेशी म्हणतात. त्या मेल्या की पेजेसारखा मऊ लगदा उरतो. त्यावरचे तंतुमय आवरण उरलेल्या पेशींच्या स्रावांनी झिजते आणि एखाद्या दिवशी फाटले, की तेथे रक्ताची गुठळी होऊन झटका येतो. डॉक्टर ज्याला सूज म्हणाले, ती ही.

आता संप्रेरकांचा संबंध पाहू. मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिनपासून सुरू होणाऱ्या साखळीत अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक तयार होते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन हे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारे संप्रेरक स्रवून घेते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण धमनीच्या अस्तरावर पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे चिकट रेणूही ते वाढवते, याकडे फारसे लक्ष जात नाही. रामिप्रिल ही साखळी मध्येच तोडते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत, ज्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता पण ज्यांचे हृदय अशक्त झालेले नव्हते अशा नऊ हजारांहून अधिक रुग्णांमध्ये, झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले. त्यात रक्तदाब उतरल्याचा वाटा किती आणि सूज कमी झाल्याचा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मला दोन्ही खरे वाटतात.

सुजेचा स्वतंत्र पुरावा २०१७च्या ‘कॅन्टोस’ चाचणीने दिला. त्यातील कॅनाकिनुमॅब या सूज दाबणाऱ्या औषधाने एलडीएल कमी न होताही झटक्यांचे प्रमाण घटले; मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, कारण सूज आणणाऱ्या याच पांढऱ्या पेशी आपले जंतूंपासून रक्षणही करतात.

रामिप्रिलने कोरडा खोकला येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते पर्यायी गोळी देतील. रक्तातील पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मात्र ते सांगतील तेव्हा तपासून घ्या.