कॅनडात साइडिंगचं काम करायचंय, नेलगन कोणती घेऊ?

सिन्नरहून एका मुलाचं पत्र आलंय. आयटीआयचा कार्पेंटर ट्रेड झालाय, सध्या नाशिकला एका फर्निचरवाल्याच्या हाताखाली आहे. आतेभाऊ कॅनडात घरांच्या भिंतींना बाहेरून फायबर सिमेंटच्या पट्ट्या बसवतो, म्हणजे साइडिंगचं काम, तो म्हणाला नेलगन, म्हणजे हवेच्या दाबाने खिळे मारणारी गन, शिकून घे मग बघू. आता याने ऑनलाइन एक फ्रेमिंग नेलर बघून ठेवलीय, वडिलांकडे पैसे मागितलेत आणि आई म्हणते आधी सरांना विचार. तर गन कोणती घेऊ आणि यात करिअर आहे का, असे दोन प्रश्न.

अरे बाळा, आईने बरोबर अडवलं तुला. ती गन घेऊ नकोस. फ्रेमिंग नेलर असते घराचा लाकडी सांगाडा उभा करायला, साडेतीन इंचापर्यंतचे खिळे मारते, दणका मोठा, पुढे नाकाला दाते. फायबर सिमेंट म्हणजे सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या लगद्याचे धागे, कडक पण ठिसूळ, त्याच्यावर ती चालवलीस तर खिळ्याचं डोकं पट्टीत घुसणार, पट्टीला चीर जाणार नाहीतर दात्यांचे वण तरी राहणार. आणि तुमच्या फर्निचरवाल्याकडची ब्रॅड नेलर पण नाही चालत, तिच्या खिळ्याला डोकं जवळपास नसतंच, जोराच्या वाऱ्यात पट्टी खिळ्यावरून ओढली जाऊन सुटते. याला लागते साइडिंग कॉइल नेलर. सव्वा ते अडीच इंचाचे, पूर्ण गोल डोक्याचे खिळे गुंडाळीत येतात, ते हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले, नाहीतर स्टेनलेसचेच पाहिजेत, साधं प्लेटिंग असलं की गंज धरतो आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात.

आता खरं कसब सांगतो, ते आहे गन सेट करण्यात. लाकडाचा एक तुकडा घ्यायचा, पुढे जे लाकूड लागणार तेच, त्यावर पट्टीचा भंगार तुकडा, कॉम्प्रेसरचं प्रेशर आधी कमी ठेवायचं, साधारण ८० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास, आणि चार-पाच खिळे मारून त्यांच्यावरून बोट फिरवायचं. डोकं पट्टीला बरोबर टेकलेलं पाहिजे. बोटाला अडकलं तर खिळा वर राहिलाय, तो हातोडीने हळूच बसवता येतो. पण बोट खड्ड्यात गेलं तर वरचा थर फुटलाय, त्या खिळ्याची पकड गेली, तो खड्डा भरायचा आणि बाजूला दुसरा खिळा मारायचा. म्हणून मी म्हणेन की सेटिंग कमीच्या बाजूने चालू कर. आधी प्रेशर जवळपास आणायचं, मग नाकाजवळच्या डेप्थच्या चाकाने बारीक फरक करायचा, आणि हे एकदाच करून भागत नाही, लाकूड बदललं, गाठ आली, एका कॉम्प्रेसरवर दुसरी गन जोडली की लगेच फरक पडतो, परत तुकड्यावर बघायचं. गन सरळ काटकोनात धरायची, खिळा तिरका गेला की डोक्याची एक कड पट्टीत रुतते. ट्रिगर सिक्वेन्शियलचा ठेव, दर खिळ्याला वेगळा दाबायचा, नवशिक्याला तोच सेफ. आणि खिळा अडकला तर हवेची नळी (होज) काढल्याशिवाय नाकाला हात लावायचा नाही, हे वडिलांना पण वाचून दाखव.

मग शिकायचं कुठे? आपल्याकडे फायबर सिमेंटचा बोर्ड बहुतेक जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, फ्रेमवर सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने बसतो, त्यामुळे नाशिकच्या साइटवर तुला या कामाची नेलगन क्वचितच दिसेल. पण अंबड, सातपूरला मशिनरीसाठी लाकडी पॅलेट आणि पेट्या करणारी वर्कशॉप्स आहेत, पॅलेटच्या कामात कॉइल नेलर वापरतात, तिथे सहा महिने काम कर, पगार घेऊन शिकशील आणि गन दुसऱ्याची. सुट्टीत एखाद्या बोर्डवाल्या कॉन्ट्रॅक्टरबरोबर जा, बोर्ड आडवा न धरता कडेवर उभा उचलायचा, कोरडा ठेवायचा, कापायचा कसा, हे तिथे कळेल.

कापण्यावरून एक कळकळीने सांगतो. या बोर्डाच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. आपली पोरं ग्राइंडरला कटर लावून, तोंडाला फारतर रुमाल बांधून कापतात, मला ते बघवत नाही. तू सुरीने खोल रेघ मारून मोडायचं नाहीतर शीअरने, म्हणजे कात्रीसारख्या कटरने, कापायचं, सॉ लावावाच लागला तर उघड्यावर, धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमसकट, आणि एन९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसलेला.

करिअर आहे का, तर हो आहे, कॅनडात लाकडी फ्रेमच्या घरांना हे काम लागतंच. पण नुसता 'नेलगनवाला' म्हणून जाऊ नकोस, कार्पेंटर हा तिकडे रेड सील ट्रेड आहे, म्हणजे त्याचं सर्टिफिकेट देशभर मानलं जातं, त्यामुळे आयटीआयचं सर्टिफिकेट, अनुभवाची लेटरहेडवरची पत्रं, कामाचे फोटो आजपासून जमवायला लाग. इंग्रजीचा अभ्यास पण आत्ताच चालू कर, व्हिसा हातात आल्यावर नाही. एजंट भेटला तर १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशगमन) कायद्याखाली नोंदणी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, भावाच्या ओळखीचा असला तरी.

वडिलांकडे मागितलेल्या पैशातून सध्या चांगला मास्क, चष्मा आणि सेफ्टी शूज घे. अंबडला कुठे काम मिळालं की तिथली गन कोणती आहे ते मला लिही, तुझ्या आतेभावाकडच्या गनमध्ये आणि तिच्यात काय फरक आहे ते आपण बघू.