चाळीस हजार लिटरच्या टाकीआधी विहिरीचा तळ बघा

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. घरी दोन गाई, चार बकऱ्या, वीसेक कोंबड्या. नळ एक दिवसाआड येतो आणि त्यात स्वयंपाक, आंघोळ, कपडे भागतात. जनावरांना विहिरीचं पाणी. ती मार्चच्या मध्यावर तळ गाठते, मग पावसापर्यंत टँकर. गेल्या उन्हाळ्यात ५,००० लिटरचे ९ टँकर घेतले, प्रत्येकी १,२०० रुपयांना. ठेकेदाराने पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली ४०,००० लिटरची सिमेंटची टाकी सुचवली आहे, पन्हळी-पाइप धरून २ लाख १० हजार. घरात बचत म्हणून ७ टक्क्यांची ३ लाखांची एकच मुदत ठेव आहे, ती ऑगस्टमध्ये पिकते. आता मोडून मिरगाआधी काम उरकावं का, असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "टँकर आला की पाणी विहिरीत सोडतो, मग पंपाने लागेल तसं घेतो." ठेकेदाराच्या कोटेशनकडे वळण्याआधी या वाक्याकडे बघू या, कारण तुमचा बहुतेक पैसा तिथेच जातोय.

तुमच्या जनावरांना उन्हाळ्यात पाणी लागतं किती? दुभत्या गाईला ६० लिटर धरा, आटलेलीला ४०. चार बकऱ्यांना मिळून २४, कोंबड्यांना ६. हे झाले १३०. गाई धुणं आणि गोठा धुणं यांना आणखी १००. म्हणजे दिवसाला २३० लिटर. १५ मार्च ते ५ जून हे ८२ दिवस होतात, म्हणजे साधारण १९,००० लिटर. चार टँकरचं पाणी. तुम्ही घेतलेत नऊ. मधले पाच टँकर कोणी प्यायले?

विहिरीभोवतीच्या जांभ्या दगडाने प्यायले. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या घरी वडील दोन उन्हाळे हेच करत होते. एकदा टँकर रिकामा झाल्यावर मी विहिरीत उतरून पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण केली. सकाळी बघतो तर पाणी खुणेखाली हातभर उतरलेलं, आणि रात्री पंप कोणी चालवलाच नव्हता. उन्हाळ्यात भोवतालच्या जमिनीतलं पाणी खाली गेलेलं असतं. वरून ओतलेलं पाणी जांभ्याच्या भोकाभोकांतून त्याच्याच मागे जातं. विहीर म्हणजे टाकी नव्हे. तुम्हीही एकदा खूण करून बघा. माझ्या शब्दावर नको, स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवा.

आता मोठ्या टाकीचा हिशोब. तिने तुमचे नऊच्या नऊ टँकर वाचले असं धरू. वर्षाला १०,८०० रुपये. त्यासाठी २ लाख १० हजार घालायचे, म्हणजे ५ टक्क्यांच्या जरा वर. तेच पैसे ठेवीत राहिले तर वर्षाला १४,७०० देतात, आणि मुदत संपली की मुद्दल हातात येतं. टाकीत घातलेलं मुद्दल परत येत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पाणी भरपूर असतं तेव्हा टाकीची गरज नसते. गरज लागते तोपर्यंत आभाळ कोरडं झालेलं असतं. त्यामुळे एवढी मोठी टाकी वर्षातून एकदाच भरते आणि एकदाच रिकामी होते. साठवलेला प्रत्येक लिटर म्हणून महाग पडतो. ठेकेदार छपरावर किती लाख लिटर पडतं ते सांगतो. त्यातलं किती तुमच्या कामाला येणार ते सांगत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं. गोठ्याच्या पत्र्याला पन्हळ, खाली सिमेंटचा चौथरा आणि त्यावर ५,००० लिटरची एकच काळी प्लास्टिकची टाकी, सावलीत. टाकी ३५,०००, चौथरा ६,०००, पन्हळ-पाइप-कॉक ९,००० असा अंदाज मी धरलाय. तुमच्या जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे भाव पडताळून घ्या. मंगळुरी कौलांपेक्षा पत्र्यावरून पाणी जास्त स्वच्छ उतरतं, कौलांवर शेवाळ असतं. शिवाय गोठा तिथेच असल्याने कळशी वाहावी लागणार नाही. तुमच्या गोठ्याचं छप्पर ३० चौरस मीटरचं आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, थोडं वाया जातं असं धरूनही २०० मिलिमीटर पावसात टाकी काठोकाठ भरते. पावसाळाभर हे पाणी गोठ्याला वापरा, पंपाची वीज तेवढी वाचेल. गणपतीची चवथ झाली की मात्र टाकी आतून घासा आणि सप्टेंबरच्या सरींनी भरून घ्या. मग कॉक बंद, झाकण घट्ट, आणि पाणी थेट मार्चपर्यंत हलवायचं नाही. झाकणाला फट राहिली की डास आणि उजेड आत गेला की शेवाळ, हे दोन्ही गोव्यात लगेच होतं. आणि हे पाणी गाळून, उकळून घेतल्याशिवाय माणसांनी पिऊ नये.

आता एक-एक टँकर मोजू. विहिरीत न ओतता टाकीत घेतलं, एवढ्यानेच नऊचे चार होतात. शेण आधी खराट्याने कोरडं ओढून मग पाणी मारलं तर धुण्याचे १०० लिटर तीसवर येतात, चाराचे तीन होतात, आणि त्याला एक पैसा लागत नाही. साठवलेल्या पावसाने तिनाचे दोन. म्हणजे सात टँकर वाचले, ८,४०० रुपये, आणि त्यात पावसाचा वाटा एकाच टँकरचा. पाऊस साठवायचा म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत आणि मी विहिरीच्या तळाबद्दल बोलतोय, त्याचं कारण हेच.

घराच्या कौलांचं पाणी वाया जाऊ देऊ नका. खडी, वाळू आणि कोळसा घातलेल्या छोट्या खड्ड्यातून ते गाळून विहिरीत सोडा, यासाठी १०,००० रुपये धरा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या, त्यात पाखरांची घाण आणि उन्हाळ्यातली धूळ असते. याने विहीर मेपर्यंत टिकेल असं वचन मी देणार नाही, जांभा पाणी जसं घेतो तसंच सोडतो. आठ-पंधरा दिवस उशिरा आटली तरी खर्च पदरात पडला म्हणायचं.

सगळं मिळून ६०,००० रुपये, वर्षाला ८,४०० वाचतात, १४ टक्के. सात वर्षांच्या आसपास पैसे वसूल. यावर आणखी दीड लाख घालून मोठी टाकी केलीत तर जास्तीचे वाचतात ते फक्त २,४००, म्हणजे दीड टक्का. मोठा खर्च जोखायचा तो असा. सगळ्या रकमेवर मिळून काय पडतं ते नव्हे, वरच्या दीड लाखाने काय आणलं ते बघायचं.

तुमचे यजमान म्हणतात, पुढे दोन गाई आणखी घ्यायच्या आहेत, तर आत्ताच मोठी टाकी होऊ दे. त्यांचा विचार चुकीचा नाही, पण आधी गाई येऊ द्यात. चौथरा दोन टाक्यांचा बांधा, दुसरी टाकी लागेल तेव्हा शेजारी बसवा. जमिनीत गाडलेलं सिमेंट नंतर वाढवता येत नाही, आणि तडा गेला तर तो शोधणंही सोपं नाही.

गेल्या मेमध्ये टँकर चार दिवस आलाच नाही आणि तुम्ही शेजारच्या बागायतीतून डोक्यावरून पाणी आणलंत, तेही वाचलं. ते मला रुपयांत मोजता येत नाही आणि मी ते शून्य धरलेलंही नाही. गोठ्याला आता दिवसाला १६० लिटर लागणार, तेव्हा भरलेली टाकी महिनाभर पुरते. टाकीत १,००० लिटर उरले की लगेच टँकरवाल्याला फोन करायचा, हातात सहा दिवस असतात. टँकर लवकर आलाच तर उरलेलं पाणी पिंपांत काढून घ्या. चार दिवसांच्या जागी आठ दिवस थांबावं लागायला लागलं, तर मात्र हिशोब न बघता दुसरी टाकी घ्या.

राहिली ठेव. घरखर्च महिना २८,००० लिहिलाय. २ लाख १० हजार गेले तर मागे ९०,००० उरतात, जेमतेम तीन महिन्यांचे. यजमानांची नोकरी खाजगी बसवर, दुभती गाय एकच, आणि पावसात जनावर आजारी पडलं की दुधाचे पैसे त्याच दिवशी थांबतात. ही ठेव म्हणजे तुमच्या घराचा पुरुमेंत, पावसाळ्यासाठी करून ठेवतात ती बेगमी, आहे ताई, तो एका खड्ड्यात ओतू नका. साठ हजारांसाठीही ती मोडायची गरज नाही. मुदतीआधी मोडली तर बँक व्याज कापते. त्याऐवजी त्याच बँकेत ठेवीवर कर्ज मागा, ते बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं. ऑगस्टमध्ये ठेव पिकली की ते फेडून बाकीचे २ लाख ४० हजारांच्या आसपास पुन्हा ठेवा, पण या खेपेला दोन-तीन तुकड्यांत, वेगवेगळ्या मुदतीच्या. सोनं गहाण ठेवू नका.

विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड घेऊन एक फेरी मारा आणि अशा कामाला काही अनुदान आहे का ते खरेदीच्या आधी विचारा. काम झाल्यावर अर्ज केला तर सहसा हाती काही लागत नाही. मिळालं तर बरं, माझ्या हिशोबात ते कुठेही धरलेलं नाही.

ठेकेदाराला तूर्त नाही सांगा. पन्हळीचं माप घ्यायला मिस्त्रीला एप्रिलमध्येच बोलवा, मे महिन्यात सगळ्यांची कौलं परतायची असतात आणि तो कोणाला सापडत नाही.