कार सीट आणखी झुकवायची म्हणून तिचं प्लास्टिक कापू नका

तुमची मुलगी चार महिन्यांची. कन्व्हर्टिबल (मागे किंवा पुढे, दोन्हीकडे तोंड करून लावता येणारी) सीट मागच्या बाकावर, मुलीचं तोंड मागे येईल अशी लावली आहे. झोप लागली की तिची हनुवटी छातीला टेकते, आणि पुढच्या महिन्यात नागपूरहून समृद्धी महामार्गाने नाशिकला जायचं आहे. सीट कव्हरवाला म्हणतो, सीटच्या तळाचा प्लास्टिकचा खाचा कापून देतो, सीट आणखी झुकेल. कापून घेऊ का, हा तुमचा प्रश्न.

भाऊ, नका कापून घेऊ. पण मान पडते ही काळजी मात्र शंभर टक्के खरी आहे. एवढ्या लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते. हनुवटी छातीवर दाबली गेली की श्वास कोंडू शकतो, आणि बाळ रडून सांगतही नाही. त्यामुळे 'झोपलीये, झोपू दे' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

दोष बहुतेक वेळा सीटचा नसतो, गाडीच्या बाकाचा असतो. आपल्या गाड्यांचा मागचा बाक पाठीकडे खाली उतरत जातो. मोठ्यांना ते आरामाचं. बाळाची सीट उलटी लावली की पायांची बाजू त्या खोलगट भागात जाते, पाठ उभी होते आणि डोकं पुढे येतं. म्हणजे कापायचं काहीच नाही, तो खोलगट भाग भरून काढायचा आहे.

आधी सीटचा स्वतःचा रिक्लाइन (झुकवायचा खटका) सर्वात झुकलेल्या, मागे तोंड करून लावताना चालणाऱ्या खुणेवर आणा. बऱ्याच सीटवर बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर यायला हवी. काहींवर पाण्याचा बुडबुडा असतो. हे सपाट जागी बघा. फाटकाच्या उतारावर गाडी उभी असताना घेतलेलं माप खोटं असतं. तरीही कमी पडत असेल तर एक सुती टॉवेल घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि बाकाची गादी व पाठ जिथे मिळतात त्या खाचेत आडवा ठेवा. वरून सीट ठेवून गुडघ्याने दाबा, बेल्ट ओढून घट्ट करा, मग रेघ पुन्हा बघा. यासाठी फोमचा नूडल (पोहायला वापरतात ती लांब दांडी) इतवारी बाजारात शोधत बसू नका, टॉवेल पुरतो. लाकडी गुटका किंवा वीट मात्र नको, धक्क्याने सरकते. बेल्ट जातो त्या जागी सीट धरून हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा.

एक अट आहे. सीटच्या पुस्तिकेत टॉवेलची परवानगी असेल तरच हे करा. आयसोफिक्सवर (गाडीच्या बाकातल्या लोखंडी कड्यांवर) बसणाऱ्या आणि खाली गाडीच्या तळाला टेकणारा पाय असलेल्या सीटना सहसा ती नसते. तिथे कोन सीटच्याच खटक्याने बदलायचा.

नवजात बाळाला साधारण ४५ अंशांचा झुकाव लागतो, त्यापुढे नाही. हे नीट समजून घ्या, कारण 'जास्त आडवी म्हणजे जास्त आरामशीर' असं वाटतं. समोरून धडक झाली की मागे तोंड असलेल्या सीटची पाठ बाळाचं डोकं, मान आणि पाठ एकदम झेलते. म्हणूनच ही दिशा लहानांसाठी सर्वात सुरक्षित. सीट फार आडवी झाली की ती पाठ झेलतच नाही, बाळ डोक्याकडे वर सरकतं आणि सगळा भार खांद्यांच्या पट्ट्यांवर येतो. मान धरायला लागली की थोडी उभी सीटच चांगली.

कापण्याबद्दल सांगतो. सीटच्या लेबलवर आर४४, आर१२९ किंवा आपलं भारतीय एआयएस-०७२ असं सुरक्षा मानकाचं नाव जे लिहिलेलं असतं, ते त्या कवचाची जशीच्या तशी चाचणी झाल्याचं असतं. समोरच्या धडकेची चाचणी ताशी ५० किमीच्या आसपास होते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. खाचा कापलेलं प्लास्टिक त्या वेळी कुठून तडकेल, हे सीट कव्हरवाला सांगू शकत नाही. तो शिलाईत हुशार असेल, हे त्याचं काम नाही.

कोन बरोबर करूनही मान पडत असेल तर पट्टे बघा. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत, आणि खांद्यावर चिमटीत पट्ट्याची घडी येऊ नये. ढिल्या पट्ट्यात बाळ घसरतं आणि मान वाकते. सीटबरोबर न आलेली उशी, बाजारातलं मानेचं कुशन, दुपटं, हे सगळं काढा. हनुवटीखाली बोटभर जागा दिसली पाहिजे.

ही सीट पुढच्या जागेवर, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावू नका.

प्रवासात दर दोन तासांनी थांबा, बाळाला सीटमधून काढून सपाट आडवं करा. महामार्गाच्या कडेला नाही, कारंजा, मेहकर, जालना अशा ठिकाणी बाहेर पडून. शक्य तर एक मोठं माणूस मागे तिच्या शेजारी बसू दे. आपल्या नागपुरी उन्हात उभ्या गाडीतलं बकल चटका देण्याइतकं तापतं. सीटवर पांढरी चादर टाकून ठेवा आणि बसवण्याआधी बकलला हात लावून बघा.

सीटच्या खाली किंवा मागे लेबल असेल, त्यावरचा मॉडेल क्रमांक आणि गाडी कोणती ते कळवा. टॉवेल चालतो की नाही ते पुस्तिकेत बघून सांगतो.