'दामिर' घोडा हडकुळा नसतो

प्रश्न असा आहे: जुन्या अरबी कवितांच्या भाषांतरांत 'कृश अश्व' वारंवार भेटतो. मूळ शब्द कोणता, आणि लढाईचा घोडा कृश कसा? शिवाय घोड्याला लावलं जाणारं 'हजीन' हेही बांध्याचंच वर्णन आहे का?

मूळ शब्द बहुतेक ठिकाणी 'दामिर' असतो, कधी 'अकब्ब'. दोन्हींच्या गळ्यात 'कृश' बांधणं हा भाषांतरकारांचा निव्वळ आळस. खंगलेल्या घोड्यासाठी अरबीत 'महझूल' असा वेगळा शब्द आहे. राघिब अल-इस्फहानीने आपल्या कुरआन-शब्दकोशात दामिरचा अर्थ देताना वाद ठेवलेलाच नाही: कामामुळे अंगावरचं मांस हलकं झालेला, हुझालामुळे, म्हणजे खंगून, नव्हे.

(अरबीत घोड्याला शेकडो नावं आहेत, हेही एकदाचं थांबवा. त्यातली बहुतेक विशेषणं आहेत. आपण बैलाला नुसतं ढवळ्या म्हणतो, तसा तिथे 'फरस' (घोडा) गळतो आणि विशेषण एकटं उरतं.)

अकब्ब आणि दामिर यांत फरक आहे, आणि तो व्याकरणातच दिसतो. अरबीत शब्द ठरलेल्या साच्यांत घडतात; अकब्ब हा 'अफ्अल' साच्यातला. रंग आणि अंगचे कायमचे गुण या साच्यात बसतात. आपला 'अबलख'ही तिथूनच आलेला. म्हणून अकब्ब म्हणजे जन्मतःच शेलाट्या पोटाचा, कुशी वर ओढलेल्या. इस्लामपूर्व कवी इम्रुउल-कैस घोड्याला हरणाच्या कुशी देतो त्या याच. त्याच ओळीत तो शहामृगाची 'साक' देतो, तिचं 'लांबसडक पाय' केलं की सगळं उलटं होतं. घोड्याची साक म्हणजे मागच्या पायाचा गुडघा ते घोट्याचा सांधा एवढाच भाग, आणि टीकाकार सांगतात की तो आखूड नि टणक हवा. पाठ, साक आणि शेपटीचं हाड ही तिन्ही आखूड असावीत, असा जुना ठोकताळा आहे. हाड आखूड, केस लांब चालतात.

दामिर मात्र कर्तृवाचक रूप, म्हणजे आत्ताची स्थिती. ती आणावी लागते. आणण्याच्या क्रियेला 'तद्मीर' म्हणतात. अल-जौहरी या जुन्या कोशकाराच्या कोशात तिची मुदत 40 दिवस आहे: आधी भरपूर चारून घोडा धष्टपुष्ट करायचा, मग चंदी जेमतेम पोटापुरती करायची. इतर वर्णनांत बंद जागेत बांधून अंगावर झुली घालून घाम काढणंही येतं. क्रम महत्त्वाचा. भरण्याआधीच चंदी तोडली तर चरबीऐवजी स्नायू झडतो, फऱ्याची आणि पुठ्ठ्याची हाडं वर येतात, तो महझूल. नीट उतरवलेल्या घोड्याचं पोट आत जातं, पण पुठ्ठा भरलेलाच राहतो. ही मुदत आणि ही जागा, दोन्हींना 'मिद्मार' म्हणतात. पुढे त्याचा अर्थ शर्यतीचं मैदान झाला, आणि आजच्या अरबीत तर 'या क्षेत्रात' म्हणायलाही मिद्मारच चालतो. तद्मीर केलेल्या घोड्यांची शर्यत वेगळी लावत. पैगंबरांनी लावलेल्या शर्यतीत असे घोडे मदिनेजवळच्या हफ्यापासून सनिय्यतुल-वदापर्यंत पाच-सहा मैल धावले. तद्मीर न केलेल्यांना मैलभरच.

आता खरी गंमत. दामिरचा धातू द-म-र. यातला 'द' म्हणजे अरबीतला तो जड 'द', जो फारसीमार्गे 'ज' होतो: रमदान-रमजान. (मराठीची गंमत अशी की 'हौद'मध्ये आपण द राखला, हिंदीने 'हौज' केला.) तेव्हा याच धातूतला 'दमीर' म्हणजेच आपल्या ओळखीचा 'जमीर': मनात दडलेलं ते, सदसद्विवेक. अरबी व्याकरणात दमीर म्हणजे सर्वनाम, कारण ते क्रियापदात लपून बसू शकतं. आपल्या 'आलो'मध्ये 'मी' असतो, तसं.

घोड्याचं पोट आणि माणसाचा विवेक एकाच धातूतले? कोशकार इब्न फारिस (मृत्यू इ. स. 1004) नाही म्हणतो. त्याच्या मते द-म-रचे दोन स्वतंत्र उगम: एक बारीकपणाचा, दुसरा दडण्याचा. धातूचा अर्थ एका सूत्रात ओवण्याची ज्याला इतकी हौस, त्याने नेमकी इथे कात्री चालवावी! कोशांत दमीरचा आणखी एक अर्थ आहे: सुरकुतलेलं द्राक्ष. आणि मध्याशी किंचित चेपलेल्या मोत्याला 'मुद्तमिर' म्हणतात. द्राक्ष, मोती, घोड्याची कूस, तिन्हींत पृष्ठभाग आत जातो. आत गेलं की दिसेनासं होतं. बारीक होणं आणि लपणं यांत एवढंच अंतर आहे. दोन उगम मानायचे तर द्राक्षाचं आणि विवेकाचं नाव अक्षरशः एकच कसं, हे त्या बाजूने सांगावं.

भाषांतरात अकब्बला 'शेलाट्या पोटाचा' लिहा, दामिरला 'कसलेला' किंवा 'तयारीला आणलेला'. हजीनचा बांध्याशी संबंध नाही, तो वंशाचा शब्द: बाप अरबी, आई बिगरअरबी. उलटं असेल तर मुक्रिफ.