क्लिनिकल टूल्स नव्याने वापरताय? आधी एवढंच करा

क्लिनिकल टूल्स, म्हणजे पेशंटबद्दल निर्णय घेताना डॉक्टरांना मदत करणारी ॲप्स आणि वेबसाइट्स, नव्याने वापरताना सुरुवात कुठून करायची, हे विचारलंत ते बरं झालं. आणि घाबरू नका, सगळी टूल्स एकदम शिकायची काहीच गरज नाही. दोनच पक्की करा, एक अपटूडेटसारखं आजारांची माहिती देणारं आणि एक एमडीकॅल्कसारखं पेशंटच्या आकड्यांवरून स्कोअर (आजार किती गंभीर वगैरे सांगणारे गुण) काढून देणारं, बाकीची हळूहळू येतात.

सुरुवातीला बहुतेक जण इथे चुकतात:

- युनिट. सगळ्यात महत्त्वाचं हेच. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला घटक) १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर, आता रिपोर्ट एका युनिटमध्ये आणि कॅल्क्युलेटर दुसऱ्यात असला तर किडनीचं उत्तर पार चुकतं आणि त्यावरून ठरवलेला औषधाचा डोससुद्धा, म्हणून कितीही घाई असली तरी आकड्याशेजारचं युनिट वाचायचंच.
- भलत्याच पेशंटला स्कोअर लावणं. कर्ब-६५ हा स्कोअर हॉस्पिटलबाहेर झालेल्या न्यूमोनियाची गंभीरता बघायला आहे, निदान करायला नाही. ताप-खोकला दिसला की लावला, असं करू नका.
- औषध लिहिताना स्क्रीनवर येणारे धोक्याचे अलर्ट न वाचता बंद करणं. खूप येतात, वैताग येतो, मान्य. पण ॲलर्जी आणि गंभीर इंटरॅक्शनचा (औषधांचा एकमेकांवर होणारा परिणाम) अलर्ट थांबून वाचाच.

टूल उघडण्याआधी स्वतःचा अंदाज मनात ठरवून ठेवा, ही सवय खरंच खूप कामाला येते. उत्तर वेगळं आलं तर आधी टाकलेले आकडे तपासा, मग पेशंटला परत बघा, तरी जुळत नसेल तर सरळ सीनियरला विचारा, त्यात कमीपणा अजिबात नाही.

एआयवाली टूल्स सध्या बाजूला राहू द्या. आणि हो, पेशंटचं नाव-नंबर बाहेरच्या कुठल्याच वेबसाइटवर टाकायचं नाही.