आमचं खाडीकाठचं गाव महापालिकेत घेणार आहेत. गावातल्या नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट आहे. घरपट्टी किती वाढेल? विरोध करावा का?

घरपट्टीचं आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही ते पहिलं विचारलंय आणि माझ्या मते तेच सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. महापालिकांच्या कायद्यात नव्याने आलेल्या गावांसाठी सोय आहे. सुरुवातीला ग्रामपंचायतीचाच दर, मग २० टक्क्यांच्या पायऱ्यांनी महापालिकेच्या दरापर्यंत चढायचं. पण बिल वेळेवर आलं तर. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, आणि २०१६ पासूनच्या कराची बिलं लोकांच्या हातात पडली ती २०२१ मध्ये. तो वाद तुम्ही पेपरात वाचला असेलच. तेव्हा बिल आलं नाही म्हणून खूश होऊ नका, पैसे बाजूला टाकत राहा. घरपट्टीचं झालं.

आता विरोध. तुम्ही घाबरताय ते चुकीच्या गोष्टीला. गाव महापालिकेत गेलं की पैसे जातात हे खरं, पण खरी जाते ती ग्रामसभा. आणि ही गेलेली कुणाला कळतही नाही, कारण होती तेव्हाही कोणी येत नव्हतं.

मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो. गाव उत्तर कोकणातलं, तुमच्यासारखंच खाडीकाठचं. गावाचं नाव देत नाही, कुठल्या महापालिकेत गेलं तेही नाही, कारण नातेवाईक इथे वाचतात. त्यातला एक तर नक्कीच.

आमच्याकडे खारीतून, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीतून, एक नाला उघाडीपर्यंत जातो. उघाडी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि गावाचं पाणी खाडीत जातं. हे शेकडो वर्षं चालत आलंय. बांधाला खांड पडली की पूर्वी अख्खा गाव फावडी घेऊन जायचा. पुढे खारीत कोणी भात लावेना, मग बांधाकडे बघायचंही कारण उरलं नाही, आणि जमिनीला गुंठ्याचा भाव आला. नाल्यालगतची जमीन विकली गेली. घेणारा बाहेरचा, मध्यस्थ माझा मोठा चुलतभाऊ. मी त्याला दादा म्हणतो, अजूनही म्हणतो. रात्री डंपर यायला लागले. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, माती, फरशीचे तुकडे, सगळं नाल्यात. नाला अर्धा बुजला. त्या पावसाळ्यात उधाण आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, उघाडी मिटलेली, वरचं पाणी तुंबलं आणि खालच्या आळीत घुसलं. खालच्या आळीत दादाचं स्वतःचं जुनं घर आहे. तिथे माझी काकू, म्हणजे दादाची आई, राहते. दादा वर, नव्या बिल्डिंगमध्ये.

आता ग्रामसभा कशी होते ते तुम्हाला ठाऊक असेल, तरी तिची गंमत सांगतो. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी ते लागतं. मोठ्या गावात म्हणजे शंभर. शंभर जमत नाहीत. सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे ज्यांना ठराव हवा असतो ते पहिल्या सभेला मुद्दाम येत नाहीत. पुढच्या वेळी पंधरा-वीस आपली माणसं बसतात, वडापाव खातात, ठराव मंजूर. आमच्याकडे असंच चालायचं. मी सदस्य असताना त्यावर ओरडलो, तर उत्तर मिळालं, ‘लोकांनाच नको असेल तर आपण काय करणार?’

त्या वर्षी १५ ऑगस्टच्या सभेसाठी मी बचतगटाच्या बायकांकडे गेलो. पुरुषांकडे नाही. पुरुषांना दादाने आधीच गाठलं होतं. महिलांची ग्रामसभा आधी घ्यायची असते हे कायद्यात आहे, कागदावर ती दर वेळी होतेच. आम्ही ती खरी घेतली, शाळेच्या व्हरांड्यात. आणि मग त्याच बायका झेंडावंदनानंतर घरी न जाता मुख्य सभेला बसल्या. गणपूर्ती झाली. सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा होता.

विषयपत्रिकेवर नाला नव्हताच. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ आले तेव्हा काकू उठली. तिला माइक नको होता. म्हणाली, ‘माझ्या चुलीपाशी गुडघाभर पाणी होतं. नाला बुजवला कोणी, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मला फक्त एवढं सांगा, माती कोण उचलणार आणि कधी?’ दादा समोरच्या रांगेत. तिच्या मुलाचं नाव तिने घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. मग कोणी थांबेना. ग्रामसेवक लिहायला कां-कूं करत होता, तर बायका टेबलाभोवती उभ्या राहिल्या आणि ठराव प्रोसिडिंगमध्ये शब्द न् शब्द लिहून घेतला, वाचून घेतला, मगच सह्या केल्या.

भराव निघाला का? पूर्ण नाही. ठराव तहसील कार्यालयात गेला, पंचनामा झाला, आणि घेणाऱ्याने मुकाट्याने जेसीबी लावून पाण्याला जाईल एवढी वाट करून दिली. पुढच्या पावसाळ्यात काकूच्या घरात पाणी आलं नाही. मला विचाराल तर माझ्या सगळ्या टर्ममध्ये झालेलं हे एकच काम.

नंतर गाव महापालिकेत गेलं. दादा खूश. त्याचं म्हणणं, ‘सभेत नुसता आरडाओरडा. शहरात सिस्टीम असते.’ दर गणपतीत आरती झाली की हे वाक्य येतंच, मोदकाच्या आधी.

तर ती सिस्टीम ऐका. नाल्यात पुन्हा भराव पडला, त्याच जागी. मी ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली. टोकन नंबर आला. काही दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. भराव तिथेच. कार्यालयात गेलो तर हा विषय या खात्याचा नाही, खारीचे बांध बघणाऱ्या खारभूमी खात्याचा आहे. खारभूमीवाले म्हणाले हद्द आता महापालिकेची. नगरसेवकाकडे जा म्हणाल, तर आमच्या प्रभागात चार नगरसेवक. चार असले की एकही नसतो, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यात मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आला. राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका शेवटी १५ जानेवारी २०२६ ला झाल्या. त्याआधी काही शहरांत पाचेक वर्षं लोकांनी निवडलेलं कोणी नव्हतंच. वसई-विरारची मुदत २०२० मध्येच संपली होती.

कोणी म्हणेल, शहरालाही काहीतरी सभा असेलच. आहे ना. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्यात बसतात नगरसेवक, मतदार नाही. महापालिकांच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभाही आहे, नगरसेवकाने मतदारांना बोलावून घ्यायची. ती न घेणाऱ्याचं पद जाऊ शकतं, असंही लिहिलंय. मी एकही झालेली पाहिली नाही आणि कोणाचं पद गेलेलंही ऐकलं नाही. दादा, वाचत असशील तर ही तुझी सिस्टीम.

मग विरोध करायचा? कल्याण-डोंबिवलीतली २७ गावं बघा. १९८३ ला महापालिकेत, २००२ ला बाहेर, २०१५ ला पुन्हा आत, २०२० ला त्यातली १८ बाहेर काढायचा निर्णय, तो न्यायालयात टिकला नाही. मधल्या काळात तिथे टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आणि पाण्यासाठी भांडणं. नवी मुंबईच्या हद्दीतली १४ गावं भांडून बाहेर पडली आणि पुढे तिथलेच लोक परत घ्या म्हणून मागणी करायला लागले. म्हणजे बाहेर राहिलो की वाचलो, असं काही नाही. शेजारी शहर वाढत असलं की ते तुमच्या दारात येतंच, तुम्ही कुठल्याही कागदावर असा.

मी तुमच्या जागी असतो तर मोर्चापेक्षा दप्तराकडे बघितलं असतं. अधिसूचना निघाली की हरकतींची मुदत असते, त्यात हरकत द्या, पण ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहू नका. त्याआधी एक ग्रामसभा खरी घ्या आणि नाले, उघाड्या, तळी, गुरचरण, स्मशान, पायवाटा यांची यादी ठरावात घ्या, सर्व्हे नंबर आणि लांबी-रुंदीसकट. रस्ते नमुना २३ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, आहेत का ते बघा, निम्मे नसतात. जे कागदावर नाही ते हस्तांतरात जात नाही, आणि मग कोणी बुजवलं तर तिथे नाला होता हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. आमच्याकडे तो एक ठराव प्रोसिडिंगमध्ये होता, म्हणून निदान दाखवायला कागद तरी आहे. नकला आत्ताच काढून घ्या. रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुल बंद होणार, ज्यांचे अर्ज अडकलेत ते आधी मार्गी लावा.

आता दादाच्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर तो खाली येऊन लिहील. पाणी सुधारलं. एक दिवसाआड येतं, पण येतं. ग्रामपंचायतीच्या वेळी टँकर होता. घंटागाडी येते. आम्ही कचरा खाडीच्या बांधावर जाळायचो, त्याचा वास आठवला की ग्रामपंचायतीचे गोडवे गाणं मलाही जड जातं. आणि ग्रामसभेत मोठ्या आळीचंच चालायचं. बाजूच्या पाड्यावरचे लोक दाराशी उभे राहायचे, खुर्ची कोणी देत नव्हतं. त्या बायका आल्या नसत्या तर त्या दिवशीही हेच झालं असतं.

आणि एक, जे तुम्ही प्रश्नात अर्धवट लिहिलंय. ‘गावातल्या नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट आहे’ म्हणता. परवानगी कोणाची आहे ते आज बघा. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर बांधलेली असेल तर घरपट्टीचा आकडा विसरा. घरपट्टीची पावती म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे, नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर-आकारणीच्या नोंदवहीचा, उताराही नव्हे. बिल्डर तेच दाखवून विकतात. सोसायटीच्या लोकांना घेऊन आधी नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे बांधकामाला परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे, मंजूर नकाशाची प्रत मागा, नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, आणि हे सगळं गाव आत जाण्याआधी करा. नंतर दप्तर कुठल्या खोलीत गेलं हे शोधण्यातच वर्ष जातं.